धोंड्याच्या महिन्यातलं धनुष्य

सुशीलराव कोहळे यांच्या हातात धनुष्य आलं ते पुरणाच्या धोंड्यांमुळे. तिसऱ्या धोंड्याला त्यांनी नको म्हटलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं, असं त्यांच्या पत्नी कामिनीताई अजूनही म्हणतात. पण ज्या माणसाला तीन वर्षांतून एकदा नारायण म्हणून पाटावर बसवतात, तो तिसऱ्या धोंड्याला नको म्हणत नाही.

अधिक महिना आला की सासुरवाडीला जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून वाढतात, वाण देतात आणि त्याच्या पाया पडतात. त्या दिवसापुरता तो साक्षात विष्णू. एरवी तो कोण आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या दिवशी कोणी बोलून दाखवत नाही. सुशीलराव एरवी वजनमापे निरीक्षक होते. दुकानदाराचा काटा पाच ग्रॅमनं हलका असला तरी त्यांना दुरून वास यायचा. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी काटोलच्या बाजारात एका व्यापाऱ्याचा खोटा काटा त्यांनी सासूबाईंच्या डोळ्यांदेखत पकडला होता. तेव्हापासून त्या, म्हणजे रुख्मिणीबाई, सगळ्या गावाला सांगत आल्या होत्या की आमच्या जवायाच्या शब्दात गुंजभर खोट सापडायची नाही. सुशीलरावांना नोकरीत बढती एकदाच मिळाली होती आणि पगार बेताचाच होता. सासूबाईंचं हे एक वाक्य मात्र त्यांनी सत्तावीस वर्षं जिवापाड जपलं होतं.

तर त्या दिवशी पंगतीत रानडुकरांचा विषय निघाला. रुपराव, म्हणजे कामिनीताईंचे थोरले भाऊ, यांची काटोलजवळ संत्र्याची बाग. डुकरांनी ती पार उकरून टाकली होती.

"रोज दिवस बुडायच्या टायमाले येऊन राहिले, पिल्लं घेऊन," रुपराव सांगत होते. "ठिबकच्या नळ्या दातानं फोडतात, पाणी पितात, अन् झाडाच्या आळ्यातच लोळतात. फटाके फोडले, साड्या बांधल्या. कायलेच भीत नाईत, बाप्पा."

"याले धनुष्य पाह्यजे," सुशीलराव तिसरा धोंडा तुपात बुडवत म्हणाले. "आवाज नाई, धूर नाई. एक बाण, काम खतम. आपला नेम तं शाळेपासून पक्का आहे."

आता या नेमाचं खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. सातवीत असताना गॅदरिंगमध्ये सुशीलराव अर्जुन झाले होते. बांबूच्या कमानीतून त्यांनी वर बाण सोडला आणि पुठ्ठ्याचा मासा बरोबर खाली पडला. मासा दोऱ्याला बांधलेला होता आणि दोरा पडद्यामागून ड्रॉइंगच्या मास्तरांनी सोडला होता. बाण स्टेजच्याही बाहेर गेला नव्हता. पण टाळ्या कडाडून पडल्या, आणि पंचेचाळीस वर्षांत त्या टाळ्याच तेवढ्या लक्षात राहिल्या. याला कोणी खोटं बोलणं म्हणणार नाही, फार तर काटा थोडा हलका होता असं म्हणेल.

रुख्मिणीबाई चौकटीत उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातली बाई, पण कान शाबूत. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "नारायणाच्या हाती धनुष्य शोभतेच, बापू. यंदाचं वाण म्हनून तेच घ्या. महिना सरायच्या आत या, अन् डुकरांचा बंदोबस्त करून द्या. तुमी म्हनलं म्हंजे झालं."

सुशीलरावांच्या घशात पुरण अडकलं. ते पाणी पिऊन मोकळे होईपर्यंत सासूबाईंनी वाणासाठी आणलेलं चांदीचं निरांजन सोनाराकडे परत पाठवलंसुद्धा. अधिक महिन्याचं वाण नाकारता येत नाही आणि परतही करता येत नाही. ते निरांजन आतापर्यंत कपाटात पडून राहिलं असतं आणि कोणाला त्याची आठवणही झाली नसती.

आठवड्याभरात रुपरावांनी मोबाइलवरून मागवलेलं खोकं नागपूरला, मानेवाड्यात कोहळ्यांच्या घरी येऊन पडलं. खोक्यात लाकडी धनुष्य होतं, साधं, ना दुर्बीण ना चाकं, दोन्ही टोकं पुढं वळलेली. सोबत सहा बाण, एक दोरी, माहितीचं एक पुस्तक आणि डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बांधायचा चामड्याचा पट्टा. खोक्यावर छापलं होतं, साठ इंच, तीस पौंड.

हे वाचून सुशीलरावांचा चेहरा उतरला. ज्या माणसानं अख्खी नोकरी किलो आणि मीटरसाठी घालवली, पौंडात माल विकणाऱ्यांवर खटले भरले, त्याच्याच घरात पौंडातलं धनुष्य. पुढे दोरी नीट चढल्यावर ते त्यांनी सर्वांत आधी ऑफिसात नेलं, ताणकाट्याला लावून ओढलं आणि तेरा किलो दोनशे ग्रॅम भरल्याची नोंद केली. म्हणजे जाहीर केलेल्या ताणापेक्षा चारशे ग्रॅम कमी. विक्रेत्याला त्यांनी दोन पानी पत्र पाठवलं. त्यावर आपल्याला वस्तू आवडली असल्यास पाच तारे द्यावेत, अशी विनंती आली.

ती दोरी चढवण्याचा कार्यक्रम अंगणात झाला. समोरच्या घरातले नत्थूजी लगेच खुर्ची घेऊन हजर झाले. नत्थूजी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तिकिटं फाडायचं काम सुटल्यापासून ते गल्लीला सल्ले वाटत.

"हे टोकं तुमच्याकडे वळले पाह्यजे," ते म्हणाले. "शिंगं कसे आत वळते, तसे."

"पुस्तकात फोटो उलटा दिसून राहिला, नत्थूजी."

"फोटो चीनमधला असन. आपल्याकडे असंच असते."

सुशीलरावांनी गुडघा लावून, घाम गाळून धनुष्य उलटं वाकवलं आणि दोरी चढवली. मग कौतुकानं ती एकदा ओढून पाहिली. धनुष्याला हा प्रकार मान्य नव्हता. ते हातातच गर्रकन फिरलं आणि त्याचं वरचं टोक कपाळाच्या मधोमध बसलं. तिथं लिंबाएवढं टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी विचारलं की सुशीलराव म्हणायचे, दार लागलं. दाराचं नाव ऐकून लोक सहानुभूतीनं कामिनीताईंची चौकशी करायचे, ते वेगळंच.

तिसऱ्या प्रयत्नात दोरी सरळ चढली आणि सरावाला सुरुवात झाली. मागच्या उन्हाळ्यात कूलरच्या काढून टाकलेल्या जुन्या गवती ताट्या गच्चीवर पडल्या होत्या. त्या पोत्यात कोंबून, मागच्या भिंतीला टेकवून नेमाचं पोतं तयार झालं. दहा मीटर टेपनं मोजले, चुन्याची रेघ मारली आणि एक वही घातली. प्रत्येक बाण मध्यापासून किती सेंटिमीटर दूर पडला याची वहीत नोंद व्हायची. आठवड्याच्या शेवटी सरासरी निघाली. बाण कायम उजवीकडे, एक मीटर बारा सेंटिमीटर. सुशीलरावांना आनंद झाला. चूक रोज एकाच बाजूला आणि तेवढीच होत असेल तर तो दोष काट्याचा असतो, माणसाचा नाही, हे त्यांना खात्यानं शिकवलं होतं. आता फक्त एक मीटर बारा सेंटिमीटर डावीकडे नेम धरायचा की झालं.

डावीकडे इंदूबाईंचं घर होतं.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, चालू होता. पारा शेहेचाळीसच्या पुढे, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. अशा दिवसांत नागपुरात माणसाचा जीव कुडीत नसतो, कूलरमध्ये असतो. इंदूबाईंचा कूलर त्यांच्या मागच्या खिडकीला लोखंडी घोडीवर बसवलेला होता, भिंतीच्या पलीकडे डोकं वर काढून. सुशीलरावांनी हिशोबानं नेम धरला आणि बाण सोडला. नेमका याच वेळी बाण सरळ गेला. तो भिंतीवरून निघाला, कूलरच्या ताटीतून आत शिरला, पंख्याचं एक पातं वाकवून टाकीच्या तळाशी जाऊन रुतला. आधी खडखडाट झाला, मग पाण्याची धार लागली, मग सगळं शांत झालं.

ती शांतता भयंकर होती. दोन मिनिटांनी इंदूबाई बाण हातात घेऊन फाटकाशी आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या, आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

"सुशीलभाऊ, हे तुमचं आहे का?"

"हो," सुशीलराव म्हणाले. नाही म्हणायला हातात धनुष्य होतं.

"नवतप्यात कूलर फोडला तुमी माया. काय वाईट केलं होतं मी तुमचं?"

त्याच संध्याकाळी कोहळ्यांचा स्वतःचा कूलर उचलून इंदूबाईंच्या खिडकीत बसवण्यात आला, दुरुस्ती होईपर्यंत. हा निर्णय कामिनीताईंनी दिला. सरावही त्यांनीच बंद केला. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या आणि ओला टॉवेल अंगावर घेऊन समोरच्या खोलीत झोपू लागल्या. सुशीलरावांचं कोणी ऐकून घेत नव्हतं, पण बाण सरळ गेला होता ही गोष्ट त्यांना कोणाला तरी सांगायची होती. शेवटी त्यांनी ती वहीत लिहून ठेवली.

नवतप्यात कूलरवाला मेकॅनिक मिळणं मोठ्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटपेक्षा अवघड. तो चौथ्या दिवशी आला, सुशीलराव ऑफिसात असताना. टाकीचं भोक बुजवायला त्याला चामड्याचं वायसर हवं होतं. कोहळ्यांच्या व्हरांड्यातल्या खिळ्याला एक चांगला जाड चामड्याचा पट्टा लटकलेला त्याला दिसला. त्यानं विचारलं, घेऊ का. न बोलण्याचं व्रत घेतलेल्या कामिनीताईंनी मान हलवली. पट्ट्याच्या दोन गोल चकत्या कापल्या गेल्या, आतून एक आणि बाहेरून एक, मधून नटबोल्ट. पुन्हा एक थेंब गळला नाही.

"पट्टा गेला तं गेला," नत्थूजींनी संध्याकाळी समजूत घातली. "महाभारताच्या कोनत्या फोटोत अर्जुनानं पट्टा बांधलेला पाह्यला तुमी? ते नवशिक्यायसाठी असते."

महिना सरायला दहा दिवस उरले. सराव बंद होता, पण शिकारीची परवानगी तर काढायलाच हवी होती, कारण सुशीलराव कायद्याचे माणूस. ते रजा टाकून एका कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव इथे घेत नाही, कारण त्यांचं तिथे पुढेही काम पडू शकतं.

टेबलामागच्या बाबूनं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. "रानडुकराचा अर्ज आहे, हे समजलं. पण इथं रकाना आहे बंदुकीच्या परवान्याचा. त्यात काय लिहू?"

"बंदूक नाई, धनुष्य आहे."

"मंग धनुष्याचा परवाना आणा."

सुशीलराव दुसऱ्या कार्यालयात गेले. तिथं कळलं की असल्या धनुष्याला परवाना लागत नाही. मग परवाना लागत नाही असं लिहून द्या, असं ते म्हणाले. जे लागत नाही त्याचं आम्ही काही लिहून देत नाही, असं उत्तर मिळालं. सुशीलराव पहिल्या कार्यालयात परत आले. बाबूला आता त्यांची दया आली होती. त्यानं त्यांना आपल्या वाटचा चहा दिला.

"कोहळे साहेब, तुमी बी सरकारी मानूस, मी बी. खरं सांगतो. धनुष्यानं डुक्कर मारायची परवानगी मी काय, मायावरचे साहेबही देणार नाईत. अन् बिनापरवानगी मारलं तं डुक्कर राहीन बाजूले, तुमीच आत जाल. बाणावर तुमच्या बोटायचे ठसे राहतीन. बंदुकीच्या गोळीवर निदान ठसे नसतात."

पायऱ्या उतरताना सुशीलरावांना एकदम हलकं वाटलं. शिकार करायची नाही, कायद्यानंच सांगितलं. फाटकापर्यंत हा आनंद टिकला. मग आठवलं की हे सासूबाईंना सांगायचं आहे, आणि नुसतं एवढंच सांगून भागायचं नाही. कायद्याचा आडोसा घेऊन सुटता आलं असतं, पण नेमाचं काय? शब्दात खोट नाही म्हणणारी ती एकच बाई होती जगात, आणि तिला आपण पुठ्ठ्याच्या माशावर निरांजन परत करायला लावलं होतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. सगळं खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दोघं काटोलच्या एसटीत बसले. चादरीत गुंडाळलेलं धनुष्य वरच्या फळीवर मावेना म्हणून मांडीवर घ्यावं लागलं. कंडक्टरनं चादरीकडे पाहिलं, टेंगळाच्या पिवळ्या डागाकडे पाहिलं, कामिनीताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता तिकिटं दिली.

बेत असा होता की घरी पोचताच, चहाच्या आधी, सासूबाईंना बाजूला घेऊन सांगायचं. पण घराला कुलूप होतं. शेजारच्यानं सांगितलं, सगळे बागेत आहेत, तुमचीच वाट पाहून राहिले. बागेत पोचले तर संत्र्याच्या झाडांखाली पंधरावीस माणसं सतरंजीवर बसलेली, हळदीकुंकवाचं ताट तयार, आणि रुख्मिणीबाई मधोमध खुर्चीवर. ऊन उतरलं होतं.

सुशीलरावांनी सगळ्यांसमोरच हात जोडले. "आई, डुकराले मारता येत नाई. कायदा आहे. मी परवानगी मागितली, नाई भेटली. अन् दुसरं म्हंजे, माया नेमाचं मी जे म्हनलो होतो..."

"नाई मारता येत तं नोका मारू," रुख्मिणीबाई मधेच म्हणाल्या. "जीव घ्यायची मले बी हौस नाई. पन लोकं आले हाय, बापू. एक बाण चालवून तं दाखवा. वाण हाय ते."

वीस माणसांच्या नजरा आणि कुंकू लावलेलं धनुष्य यांच्यापुढे खरं बोलायचं राहूनच गेलं. रुपरावांनी झाडाला कडब्याचं पोतं टांगलं. कामिनीताईंनी मोबाइल काढला आणि फॅमिली ग्रुपसाठी व्हिडिओ सुरू केला. पंधरा दिवसांत त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं ते आता, मोबाइलमधून.

सुशीलरावांनी दोरी कानापर्यंत ओढली. तेवढ्यात कोणीतरी हळूच म्हणालं, "आले." नाल्याच्या बाजूनं डुकरांचा कळप शिरला होता. पुढे एक थोराड मादी, मागे सातआठ पिल्लं, आणि सगळे आरामात, घरच्यासारखे, ठिबकच्या नळीकडे निघालेले. सुशीलराव तिकडे वळून पाहायला गेले आणि दोरी सुटली.

पट्टा कशासाठी असतो हे त्यांना त्या क्षणी कळलं. दोरी त्यांच्या उघड्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सपकन बसली, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा काटोल तालुक्यात पूर्वी कोणी ऐकला नव्हता. सुरुवात "आई गं" अशी होती, पण पुढे त्यात शब्द उरले नाहीत. तो वर चढला, तिथं थांबला, फाटला आणि पुन्हा चढला. झाडांवरचे बगळे उडाले. सतरंजीवरचे दोघं उठून पळाले. डुकरांची मादी जागच्या जागी वळली, आणि अख्खा कळप नाला ओलांडून पलीकडच्या टेकडीवर दिसेनासा झाला.

बाण नंतर सापडला. बागेतली एकच नळी डुकरांनी अजून फोडली नव्हती, तिच्यात घुसला होता.

घरी आल्यावर हातावर बर्फ लावून बसलेल्या सुशीलरावांनी रुख्मिणीबाईंना तेव्हा सगळं सांगितलं, मासा, दोरा, ड्रॉइंगचे मास्तर, सगळं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "डुक्करं पळाले ना, बापू? तुमी बंदोबस्त करतो म्हनले, झाला." आणि बर्फ बदलायला आत गेल्या. कामिनीताई नवऱ्याजवळ येऊन बसल्या आणि हात पाहून म्हणाल्या, "लय दुखून राहिलं काय?" पंधरा दिवसांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

इथं गोष्ट संपली असती तर सुशीलरावांची काही तक्रार नव्हती. पण आठवड्याभरात डुकरं परत आली आणि रुपरावांना फॅमिली ग्रुपवरचा व्हिडिओ आठवला. काटोलकडे बरेच शेतकरी बॅटरीवरचा छोटा भोंगा बागेत लावतात, त्यात कुत्र्यांचं भुंकणं भरलेलं असतं. डुकरांना त्याची सवय झाली होती. रुपरावांनी कुत्री काढली आणि जवाई भरले. दर दहा मिनिटांनी एकदा, दिवस बुडाल्यापासून. तेव्हापासून बागेत एक डुक्कर फिरकलं नाही. पुढं आजूबाजूच्या पाच बागायतदारांनी तो आवाज मागून नेला.

दिवाळीत भाऊबीजेला सुशीलराव काटोलला गेले. एसटीतून उतरून पायी येताना संध्याकाळ झाली आणि चहूबाजूंच्या शेतांतून त्यांचाच आवाज त्यांच्या स्वागताला आला. पानटपरीवरच्या माणसानं मान वर न करता शेजारच्याला सांगितलं, "रुपरावच्या घरचे जवाई." घरी पंगत बसली होती. बाहेर आवाज व्हायचा, आणि आत लोक वरणात कालवत राहायचे. सुशीलरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"आई," ते शेवटी म्हणाले, "दुसऱ्या कोनाचा आवाज नाई का लावता येत? मी इनस्पेक्टर आहो. मले लोकं वळखतात."

रुख्मिणीबाईंनी बागेतलं पहिलं पिकलं संत्रं त्यांच्या ताटाशी ठेवलं. "काहून? नारायणाच्या हाती नुसतं धनुष्य असते का? शंख बी असते. धनुष्य नाई चाललं तं शंख चालला. मी सगळ्यायले सांगते, आमच्या जवायाच्या शब्दात अजून बी खोट नाई."

सुशीलरावांनी संत्रं उचललं आणि सवयीनं तळहातावर तोललं. दोनशे दहा ग्रॅम, फळ चांगलं भरलं होतं. बाहेर आवाज पुन्हा सुरू झाला, चढला, फाटला, थांबला. त्यांनी घड्याळात पाहिलं, थोडा विचार केला आणि जरा ताठ बसले.

"रुपरावभाऊ," ते म्हणाले, "तुमी दहा मिनिटं म्हनता, पण हा साडेनऊ मिनिटातच वाजून राहिला. उद्या सकाळी मी स्वतः येऊन सेट करून देतो."